इंधन अनुदानावर विधिमंडळाची देखरेख: आधी लिटर विचारा, मग रुपये

प्रश्न थोडक्यात असा आहे. नायजेरियात २०१२ साली प्रतिनिधिगृहाच्या समितीने पेट्रोलच्या अनुदानातला प्रचंड घोटाळा बाहेर काढला आणि पुढे त्या समितीचा अध्यक्षच लाच घेतल्याबद्दल तुरुंगात गेला. मग लोकप्रतिनिधींच्या समित्यांनी अशा भ्रष्टाचारावर नजर ठेवण्याला काही अर्थ उरतो का? आणि आपल्याकडे रॉकेल होतं, गॅस आहे, आता राज्याची मोफत गॅस टाक्यांची अन्नपूर्णा योजना आहे. त्यात कोल्हापूरच्या एखाद्या आमदाराला नेमकं काय करता येतं? विचारणारे करवीर तालुक्यातले आहेत, स्पर्धा परीक्षेची तयारी करतात आणि आपल्या आमदारांना निवेदन द्यायचं म्हणतात.

मी सरकारी लेखापरीक्षेत नोकरी केली आणि आता कोल्हापुरात राहतो. पुरवठा शाखांची दप्तरं तपासली, सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे सचिवांच्या साक्षी चालत तेव्हा लेखापरीक्षेच्या बाजूने बसून ऐकल्या. माझं उत्तर असं की अर्थ उरतो, आणि चांगलाच उरतो. पण समितीने रुपयांच्या आधी लिटर विचारले पाहिजेत. हे नीट कळायला नायजेरियाचीच गोष्ट आधी बघू, कारण तिच्यात दोन्ही बाजू आहेत.

१ जानेवारी २०१२ ला तिथल्या सरकारने पेट्रोलवरचं अनुदान एका फटक्यात काढलं. दर दुपटीच्या वर गेले, लोक रस्त्यावर आले, संप झाला. प्रतिनिधिगृह ८ जानेवारीला, रविवार असूनही, खास बैठकीला बसलं आणि फारूक लवान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने उघड सुनावण्या घेतल्या आणि एप्रिलमध्ये अहवाल दिला. २०११ च्या अर्थसंकल्पात या अनुदानासाठी २४५ अब्ज नायरांची (नायरा हे तिथलं चलन) तरतूद होती. समितीच्या हिशेबाने प्रत्यक्ष खर्च अडीच हजार अब्जांच्या वर गेला होता, म्हणजे दहापट. तितकीच गंभीर गोष्ट अशी की किती पैसे दिले या साध्या प्रश्नाला सरकारच्या वेगवेगळ्या कार्यालयांनी वेगवेगळी उत्तरं दिली. एक आकडा १.३ हजार अब्ज, महालेखापालांचा १.६, मध्यवर्ती बँकेचा १.७. जानेवारी २००९ मध्ये तर चोवीस तासांत ९९ कोटी ९० लाख नायरांचे १२८ हप्ते काढल्याची नोंद निघाली. एकच रक्कम, पुन्हा पुन्हा, १२८ वेळा!

पण घोटाळ्याची मेख होती ती लिटरमध्ये. अनुदान दिलं जात होतं दिवसाला ५.९ कोटी लिटरवर. समितीच्या अंदाजाने देशात खप होता ३.१ कोटी लिटरच्या आसपास. उरलेलं पेट्रोल एक तर आलंच नव्हतं, किंवा आलं आणि दुसऱ्या देशात गेलं. पाच वर्षांपूर्वी बोटांवर मोजण्याइतके असलेले आयातदार २०११ पर्यंत १४० झाले होते. समितीने एक हजार अब्ज नायरांहून अधिक रक्कम परत घ्यायची शिफारस केली.

आणि मग लवान यांचं प्रकरण आलं. ज्या कंपन्यांवर ठपका होता त्या यादीतून नाव काढण्यासाठी एका तेल व्यावसायिकाकडून पाच लाख डॉलर घेतल्याचा आरोप झाला, चित्रीकरण निघालं. २०२१ मध्ये त्यांना शिक्षा झाली. अपिलात ती पाच वर्षांवर आली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कुंपणानेच शेत खाल्लं, असं आपण म्हणू. तरीही अध्यक्ष कुठे घसरला ते नीट पाहा. ५.९ कोटी आणि ३.१ कोटी लिटरचा फरक त्याला पुसता आला नाही, कारण ते आकडे वेगवेगळ्या कार्यालयांच्या कागदांतून आले होते आणि उघड सुनावणीत सगळ्यांनी ऐकले होते. पैसा खाता आला तो ‘यादीत कोणाचं नाव ठेवायचं, कोणाचं काढायचं’ या टप्प्यावर, जिथे एका माणसाच्या लेखणीला मोकळीक होती. म्हणून मी समित्यांना निकाली काढत नाही. मोजदाद एकाने करावी, प्रश्न दुसऱ्याने विचारावेत, आणि नावं ठेवण्या-काढण्याचं काम कोणा एकट्याच्या हाती राहू नये, एवढी व्यवस्था लागते.

आपल्या राज्यघटनेत ही विभागणी कागदावर तरी आहे. मोजदाद नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) करतात. अनुच्छेद १५१ प्रमाणे केंद्राचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे, राज्याचा राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतो. मग लोकलेखा समिती सचिवांना बोलावून साक्ष घेते. संसदेची लोकलेखा समिती १९२१ पासूनची आहे. तिच्यात २२ सदस्य, लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७. मंत्र्याला सदस्य होता येत नाही आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी बाकांकडे देण्याचा प्रघात आहे. राज्यात लोकलेखा समितीच्या जोडीला अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती आणि पंचायत राज समितीही आहेत.

आता लिटर आधी का, ते सांगतो.

अनुदानाच्या घोटाळ्यात पैशाचा कागद जवळजवळ नेहमी स्वच्छ असतो. बिल असतं, त्यावर सह्या असतात, मंजुरीचा आदेश असतो, कोषागारातून रक्कम नियमाप्रमाणे निघालेली असते. खोटं असतं ते मालाचं प्रमाण. रेशनच्या रॉकेलचंच बघा. तालुक्याच्या दप्तरात तीन रकाने असत: नियतन (मंजूर कोटा) किती, उचल किती, वाटप किती. डेपोतून टँकर निघाला की उचल लागली. घाऊक विक्रेत्याकडून किरकोळ परवानेवाल्याकडे आणि हॉकरकडे माल गेला की कार्डाप्रमाणे वाटप लागलं. तिन्ही आकडे महिन्यामागून महिना बिनचूक जुळत. खऱ्या वाटपात असं होत नाही. कोणी गावाला गेलेलं असतं, कोणाकडे पैसे नसतात, कोणाच्या कार्डावर गॅसचा शिक्का बसून हक्क कमी झालेला असतो. शंभर टक्के वाटप दाखवणारं पुस्तक दिसलं की अनुभवी तपासनीस सावध होतो.

नदीकाठच्या एका गावाचं साठा पुस्तक मी २००५ च्या महापुरानंतर पाहिलं. त्या जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णेच्या काठची गावंच्या गावं पाण्यात होती, माणसं शाळांत आणि नातेवाइकांकडे होती. पुस्तकात त्याच तारखांना दुकानातून कार्डामागे नेहमीचं रॉकेल वाटल्याची नोंद होती, पुढे अंगठे आणि सह्याही होत्या. शाई एकसारखी होती आणि पान कोरडं होतं. तहसील कार्यालयातल्या पूरग्रस्तांच्या यादीत ते गाव कोणत्या तारखेला हलवलं हे लिहिलेलं होतं. दोन कागद शेजारी ठेवले आणि पुढचं काही शोधावं लागलं नाही. ते दोन कागद वेगवेगळ्या शाखांचे होते आणि एकमेकांशी जुळवून घ्यायचं कोणाला सुचलं नव्हतं. लेखापरीक्षेचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे. एकाच व्यवहाराची नोंद दोन ठिकाणी, दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या कारणासाठी केलेली असली पाहिजे.

हे रॉकेल जात कुठे होतं, हे गुपित नव्हतं. डिझेल आणि रेशनचं रॉकेल यांच्या दरात मोठी दरी होती. ट्रकच्या डिझेलमध्ये आणि रिक्षांच्या पेट्रोलमध्ये ते मिसळलं जाई. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेच्या २००५ च्या अभ्यासात सुमारे ३८ टक्के रॉकेल भलतीकडे वळतं असा अंदाज निघाला होता. निळा रंग घातला, २००६ मध्ये भेसळ ओळखता यावी म्हणून मार्कर (खुणेचं रसायन) आणला, भरारी पथकं फिरली. आणि २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ भेसळीचा अड्डा पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. त्या घटनेनंतर राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं होतं. आमच्या खात्यात अनेकांना त्या रात्री झोप लागली नाही, कारण हे दप्तर उघडणाऱ्या प्रत्येकाला त्या टँकरमागची माणसं ठाऊक होती. अनुदानातली गळती म्हणजे आकड्यांचा खेळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी सोनवणे यांची आठवण ठेवावी.

रॉकेलचा हा धंदा शेवटी बंद झाला तो छाप्यांनी नव्हे. २०१६ पासून सरकारने लिटरमागे २५ पैशांची वाढ ठरावीक काळाने करत नेली आणि काही वर्षांत अनुदानच संपलं. दरातली दरी गेली की चोरायला काही उरत नाही, हे मला मान्य आहे. पण वाड्या-वस्त्यांवर ज्यांच्याकडे दुसरं इंधन नव्हतं त्यांचं काय झालं, याची मोजणी तेवढ्या आस्थेने झाली नाही, आणि ती विधिमंडळाने मागायला हवी होती.

दुसरी गोष्ट अर्थसंकल्पाच्या बाहेरच्या पैशाची, आणि मला ती चोरीपेक्षाही जास्त घातक वाटते. विधिमंडळाची खरी ताकद मतदानात आहे. अनुच्छेद २०३ प्रमाणे अनुदानाच्या मागण्या सभागृहापुढे येतात, त्यावर कपात सूचना, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, देता येते. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला तर २०५ प्रमाणे तो पुन्हा सभागृहातून नियमित करून घ्यावा लागतो. म्हणजे २४५ अब्जांचे अडीच हजार अब्ज आपल्याकडे झाले तर निदान नियमाने त्याचा जाब लोकलेखा समितीपुढे द्यावा लागेल. पण पैसा मतदानातून गेलाच नाही तर? नायजेरियात सरकारी तेल महामंडळ आपली अनुदानाची रक्कम तेलाच्या उत्पन्नातून परस्पर वळती करून घेत होतं. सभागृहापुढे ती कधी खर्च म्हणून आलीच नाही.

आपण तितके वाईट नव्हतो, पण निर्दोषही नव्हतो. २००२ नंतर गॅस आणि रॉकेलचं अनुदान अर्थसंकल्पात दिसू लागलं खरं, मात्र तेल कंपन्यांचा मोठा तोटा त्याबाहेरच राहिला. तो भागवायला २००५ नंतर काही वर्षं सरकारने कंपन्यांना रोख पैसे न देता तेल रोखे (पुढे व्याजासह फेडायची कर्जपत्रं) दिले, सव्वा लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेचे. त्या त्या वर्षीच्या तुटीत ते दिसले नाहीत. व्याज मात्र वर्षानुवर्षं भरावं लागलं आणि परतफेड २०२६ पर्यंत लांबली. तोट्याचा आणखी एक हिस्सा ओएनजीसीसारख्या तेल काढणाऱ्या सरकारी कंपन्यांकडून कच्च्या तेलाच्या दरात सवलत घेऊन भागवला गेला. एकाच अनुदानाचे तीन तुकडे तीन ठिकाणी असले की कोणत्याही एका समितीला ते अख्खं दिसत नाही. आजही घरगुती गॅसच्या तोट्यापोटी तेल कंपन्यांना एकरकमी भरपाई दिली जाते: ऑक्टोबर २०२२ मध्ये २२,००० कोटी, ऑगस्ट २०२५ मध्ये ३०,००० कोटी. हे पैसे किती टाक्यांवरच्या, कोणत्या महिन्यांच्या, किती तोट्याचे, हा प्रश्न सभागृहात तपशिलाने विचारला गेला पाहिजे. पेट्रोलियमच्या स्थायी समितीने तो विचारावा, आणि आपल्या भागाच्या खासदारांनीही.

लेखापरीक्षेने लिटर, किंवा गॅसच्या बाबतीत टाक्या, मोजल्या की काय होतं, याची दोन उदाहरणं जरूर वाचा.

पहिलं गॅसचं अनुदान थेट खात्यात देण्याच्या ‘पहल’ योजनेचं. ती नोव्हेंबर २०१४ मध्ये ५४ जिल्ह्यांत आणि १ जानेवारी २०१५ पासून देशभर लागू झाली. त्यातून हजारो कोटी वाचले असं सांगितलं जात होतं. महालेखापरीक्षकांनी २०१६ च्या अहवालात एप्रिल ते डिसेंबर २०१५ ची आधीच्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी तुलना केली. अनुदान कमी झालं होतं २३,३१६ कोटींनी. त्यातले २१,५५२ कोटी कमी झाले ते आंतरराष्ट्रीय बाजारात दर उतरल्यामुळे. ग्राहकांची उचल घटल्यामुळे कमी झाले ते १,७६४ कोटी. रुपये बघितले तर योजना अफाट यशस्वी दिसते, टाक्या बघितल्या की खरं प्रमाण कळतं. योजना वाईट होती असं मी म्हणत नाही, खोट्या आणि दुबार जोडण्या तिच्यामुळे बंद झाल्या. पण यशाचा आकडा सरकारने सांगायचा आणि सभागृहाने बाकं वाजवायची, हे देखरेखीचं काम नव्हे.

दुसरं गरीब घरांतल्या महिलांना गॅस जोडणी देणाऱ्या केंद्राच्या उज्ज्वला योजनेचं, २०१९ च्या अहवालातलं. वर्षापेक्षा जुन्या जोडण्यांचा सरासरी वापर होता वर्षाला ३.२१ टाक्या. म्हणजे बहुतेक घरांत चूल चालूच होती. आणि त्याच योजनेत १३.९६ लाख ग्राहकांच्या नावावर एका महिन्यात ३ पासून ४१ पर्यंत टाक्यांची नोंद होती. एका दिवसात २ ते २० टाक्या दिल्याच्या ३.४४ लाख नोंदी सापडल्या. महिन्याला ४१ टाक्या कोणत्याही स्वयंपाकघरात जळत नाहीत. लाल टाकी हॉटेलात, गाड्यावर नाहीतर वाहनात गेली, हे सांगायला वेगळा तज्ज्ञ लागत नाही. घरगुती टाकीवर ५ टक्के आणि व्यावसायिक टाकीवर १८ टक्के जीएसटी, वर दरातली तफावत. रॉकेलच्या वेळी जी दरी होती तीच इथे आहे. हे सगळे आकडे तेल कंपन्यांच्या संगणकात पहिल्यापासून होते. ते कोणीतरी मागायचा अवकाश होता.

आता तुमच्या आमदारांकडे येऊ. घरगुती गॅसचं मुख्य अनुदान केंद्राचं, त्यावर आमदारांचं मत चालत नाही. पण मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना राज्याची आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली: उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीण योजनेच्या पात्र कुटुंबांना वर्षाला तीन टाक्या मोफत, जोडणी महिलेच्या नावावर हवी, टाकी १४.२ किलोचीच, आणि महिन्याला एकाच टाकीची प्रतिपूर्ती. सुरुवातीला उज्ज्वलाच्या ग्राहकामागे राज्याचा वाटा साधारण ५३० रुपये धरला होता. कंपनी ही रक्कम ग्राहकाच्या खात्यात भरते आणि राज्य कंपनीला देतं. हा खर्च राज्याच्या एकत्रित निधीतून जातो, म्हणजे मुंबईच्या विधानभवनात त्यावर प्रश्न, कपात सूचना, लोकलेखा समिती सगळं लागू होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दहाही आमदारांना तो अधिकार आहे.

या योजनेतली कच्ची जागा कोणती? बिल देणारा आणि मोजणारा एकच आहे. किती टाक्या पोचल्या हे तेल कंपनी सांगते, ती वितरकाच्या नोंदीवरून सांगते, आणि वितरक खासगी असतो. महालेखापरीक्षक सरकारी तेल कंपनीचे हिशेब बघू शकतात. वितरकाच्या गोदामातल्या रिकाम्या-भरल्या टाक्या मोजायला मात्र ते सहसा पोचत नाहीत. ते काम पुरवठा निरीक्षकाचं. म्हणून दुसरी स्वतंत्र नोंद कुठे मिळेल, हे आधी शोधा.

सभागृहातला नेहमीचा प्रश्न कसा असतो ते तुम्हाला माहीत असेल: ‘कोल्हापूर जिल्ह्यात अन्नपूर्णा योजनेत गैरव्यवहार झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तर येतं: ‘हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.’ विषय तिथे संपतो. आमदारांचा एक प्रश्न गेला, तुमचं निवेदनही गेलं.

त्याऐवजी असं विचारायला सांगा: गेल्या आर्थिक वर्षात जिल्ह्यातल्या बाराही तालुक्यांत, महिन्यानुसार, किती टाक्यांच्या प्रतिपूर्तीची मागणी तेल कंपन्यांनी केली? त्याच महिन्यांत त्या तालुक्यांतल्या वितरकांनी भरणा केंद्रातून १४.२ किलोच्या किती टाक्या उचलल्या? ओटीपी न घेता पोच झालेल्या टाक्या किती? ग्राहकाच्या खात्यात जमा न होता परत आलेली रक्कम किती, आणि ती कंपनीने राज्याला परत केली का? याला ‘खरे नाही’ असं उत्तर देताच येत नाही. आकडा द्यावा लागतो, नाहीतर ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असं लिहून द्यावं लागतं. मंत्र्यांनी सभागृहात माहिती देण्याचं कबूल केलं, की ती आश्वासन समितीच्या वहीत जाते आणि तिथून मागे लागता येतं.

आपल्या भागासाठी आणखी एक नोंद सांगतो. ऊस हंगामात बीडकडची हजारो कुटुंबं आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या फडांवर येतात, खोप्यांत राहतात, उसाची चिपाडं आणि लाकडं जाळून स्वयंपाक करतात. अनेकांची गॅस जोडणी गावाकडे असते. हंगामाच्या महिन्यांत त्यांच्या नावावर गावाकडे टाकी लागली असेल, तर घरी म्हातारे आई-वडील आहेत म्हणून लागली असेल, किंवा कार्ड दुसऱ्याच्या हातात आहे म्हणूनही लागली असेल. कारखान्यांकडे टोळ्यांची नोंद असते, कंपनीकडे टाक्यांची. एखाद्या समितीने नमुन्यादाखल शंभर कुटुंबांची जरी पडताळणी मागितली तरी पुष्कळ कळेल. ती मागताना मजुरांवर संशय घेतल्यासारखं होऊ नये, याची काळजी घ्यावी; हक्क त्यांचा आहे आणि बहुतेक वेळा नुकसान त्यांचंच झालेलं असतं.

आमदार तालुक्याच्या दक्षता समितीतही असतात. तिची बैठक नियमित होत नाही ही सर्वत्र तक्रार आहे. बैठक लावा, आणि तिच्यात वितरकांचं साठा विवरण मागा, एवढं निवेदनात लिहिलंत तरी काम सुरू होईल.

आता जिथे व्यवस्था कमजोर आहे ते लपवत नाही. घटनेने अहवाल सभागृहापुढे ठेवायला सांगितलं, पण मुदत दिली नाही. आपल्या राज्यात अनेकदा अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी येतो, दुसऱ्या दिवशी सभागृह नसतं. मग समिती सगळे परिच्छेद घेऊ शकत नाही, काही निवडते. तोवर ज्यांनी सह्या केल्या ते निवृत्त झालेले असतात आणि साक्षीला नवे सचिव येतात, ज्यांना जुन्याचं काही ठाऊक नसतं. वर समितीची साक्ष बंद दाराआड होते. नायजेरियाची सुनावणी उघड होती म्हणूनच तिथले आकडे टिकले. आपल्याकडे निदान विभागांनी दिलेली लेखी उत्तरं तरी साक्ष संपताच जाहीर व्हावीत, असं माझं ठाम मत आहे.

आणि समितीच विकली गेली तर? आपल्याकडेही हे घडलेलं आहे. बिहारच्या चारा घोटाळ्यात तिथल्या विधानसभेच्या लोकलेखा समितीचे माजी अध्यक्ष जगदीश शर्मा यांना शिक्षा झाली. २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून संसदेने आपल्या ११ सदस्यांना काढून टाकलं. बरीच वर्षं एक अडचण होती: १९९८ च्या निकालामुळे सभागृहातल्या मतासाठी घेतलेल्या लाचेलाही विशेषाधिकाराचं कवच मिळत होतं. ४ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने, सीता सोरेन यांच्या प्रकरणात, ते कवच काढून घेतलं. आता मतासाठी किंवा भाषणासाठी लाच घेणाऱ्या आमदारावर इतर कोणाहीसारखा खटला चालू शकतो. स्पर्धा परीक्षेसाठी हा निकाल तुम्ही वाचला असेलच, पण इंधन अनुदानाच्या देखरेखीशी त्याचा थेट संबंध आहे हे लक्षात घ्या.

निवेदन देताना त्याच्यासोबत आकडे मागणाऱ्या प्रश्नांचा मसुदा जोडा आणि अधिवेशनाच्या बरंच आधी भेटा. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, आधीच द्यावे लागतात. सभागृह सुरू झाल्यावर गेलात तर आमदारांच्या हातात लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा एवढंच उरतं आणि त्यात तालुकावार तक्ता मिळत नाही. अर्थसंकल्पीय अधिवेशनासाठी देत असाल तर अन्न व नागरी पुरवठा विभागाच्या मागणीवर कपात सूचना द्यायलाही सांगा. आणि जिल्हा पुरवठा कार्यालयात माहितीच्या अधिकारात आपल्या तालुक्याच्या वितरकांची गेल्या बारा महिन्यांची उचल आताच मागून ठेवा. सभागृहात उत्तर येईल तेव्हा ताडून बघायला तुमच्याकडे दुसरा कागद असेल.